शाळेचा पैसा येतो कुठून, अडतो कुठे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि कधीकधी लग्नाच्या पंगतीतही हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शाळांपुरती आहेत. एक प्रश्न गोव्याचा आहे. नियम कुठला आणि आमचं मत कुठलं हे वाचताना कळेल असं लिहिलं आहे. मत पटलं नाही तरी नियम उपयोगी पडतील.

जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे तिचा खर्च जिल्हा परिषदच करते ना?

पाटीवर नाव झेडपीचं असतं, पगाराचा पैसा राज्य सरकारचा. १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमानंतर १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. शाळा चालवायची झेडपीने आणि शिक्षकांच्या पगाराचं अनुदान द्यायचं राज्याने, अशी ही जुनी वाटणी. झेडपीचा स्वतःचा सेस फंड (स्वतःच्या उत्पन्नाचा निधी) असतो, पण त्यातून रस्ते, दवाखाने, पाणी सगळंच भागवायचं असल्याने शाळेच्या वाट्याला थोडंच उरतं.

नवी वर्गखोली हवी असेल तर जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा समग्र शिक्षा, म्हणजे शालेय शिक्षणासाठीची केंद्र आणि राज्याची एकत्रित योजना. समग्र शिक्षेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह यांसाठी ग्रामपंचायतीकडे बघायचं, कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला ठेवला होता. एकाच आवारातल्या तीन गोष्टींसाठी तीन वेगळी दारं. छत गळतं म्हणून मुख्याध्यापकांवर डाफरून काही होत नाही ते यामुळेच. त्यांच्या हातात छताचा पैसा कधी नसतोच.

शहरातली गोष्ट निराळी. महापालिका स्वतःचा शिक्षणाचा अर्थसंकल्प मांडते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा शिक्षण अर्थसंकल्प ३,९०० कोटींच्या वर होता. एवढी ऐपत राज्यातल्या बाकी महापालिकांची नाही, नगरपालिकांची तर सोडाच.

मग शाळेच्या स्वतःच्या खात्यावर किती येतात?

समग्र शिक्षेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजेच मुख्याध्यापकांच्या भाषेत ‘शाळा अनुदान’. ते पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा.

आता २८ मुलांच्या शाळेचा हिशेब मांडा. वर्षाला १० हजार म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. यात वीजबिल, खडू, फिनेल, हजेरीपट, झेरॉक्स, मोडलेली कडी, गळका नळ आणि इंटरनेट. संगणक संच कुणीतरी भेट दिलेला असतो. तो लावला की वीजबिल वाढतं, म्हणून तो कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. हे चित्र कुणी पाहिलं नसेल तर त्याने एकदा डोंगरकपारीतल्या शाळेत जाऊन यावं.

पट ३१ झाला की एकदम २५ हजार. वीजबिल मात्र २८ मुलांना आणि ३१ मुलांना सारखंच येतं. लहान शाळेचा खर्च पटाच्या प्रमाणात लहान होत नाही, ही साधी गोष्ट या पायऱ्या आखताना नजरेआड झाली.

शिवाय पैसे वेळेवर येतीलच असं नाही. आता शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं. खर्चाची मर्यादा वरून मिळते आणि मुदतीत खर्च झाला नाही तर ती परत जाते. मर्यादा वर्षाअखेरीस आली की मार्चमध्ये पळापळ होते. जूनमध्ये लागणाऱ्या वस्तू मार्चमध्ये घेतल्या जातात आणि कागदावर ‘पूर्ण खर्च’ दिसतो.

अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित : फरक काय?

अनुदानित : संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारचा. शिवाय इमारत भाडं आणि किरकोळ खर्चासाठी वेतनेतर अनुदान असतं. ते मध्ये काही वर्षं बंदच होतं, आणि आता मिळतं तेही तुटपुंजं.

विनाअनुदानित : फी आणि संस्थेचा पैसा.

स्वयंअर्थसहाय्यित : २०१२ च्या कायद्याखाली निघालेल्या शाळा. यांनी सरकारकडे कधीच अनुदान मागायचं नाही, या अटीवरच परवानगी मिळते. आज नवी खासगी शाळा काढायची तर हाच रस्ता.

खरं दुखणं मधल्या, म्हणजे अंशतः अनुदानित प्रकारात आहे. एके काळी सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मराठी शाळांना परवानग्या दिल्या. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. त्यावर शाळांचं मूल्यांकन झालं, आणि पात्र ठरलेल्यांना २०१६ मध्ये २० टक्के अनुदान मिळालं. पुढे २०-२० टक्क्यांच्या टप्प्यांनी ते वाढवायचं ठरलं, पण प्रत्येक टप्प्यासाठी आंदोलन करावं लागलं. जुलै २०२५ मध्येही हे शिक्षक आझाद मैदानात बसले होते. डीएड-बीएड होऊन पंधरा-वीस वर्षं शिकवलेला माणूस पूर्ण पगाराच्या आधीच निवृत्तीच्या जवळ पोहोचला, अशी उदाहरणं तालुक्यातालुक्यात आहेत. काही जण सुट्टीत रोजंदारीवर जातात. शाळेला परवानगी देताना तिजोरीची ऐपत पाहायची नाही आणि शिक्षकाने पगार मागितला की ऐपत आठवायची, याला धोरण म्हणणं कठीण आहे.

अनुदानित शाळेत शिक्षक भरतीसाठी पैसे घेतात म्हणे. सरकार काही करत नाही का?

म्हणूनच शिक्षक भरतीचं सरकारी ‘पवित्र’ पोर्टल आलं. अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर उमेदवार पाठवायचे, हा त्याचा गाभा. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय ठेवला आहे, तेव्हा फट पूर्ण बुजलेली नाही. पगाराच्या बाजूलाही भोकं आहेत. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी तयार करून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. शालार्थ ही पगाराची ऑनलाइन प्रणाली गैरप्रकार रोखण्यासाठीच आणली होती.

घरपट्टीच्या बिलात ‘शिक्षण कर’ असतो. तो माझ्या वॉर्डातल्या शाळेला मिळतो का?

थेट नाही. राज्याचा शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्याखाली जमिनी आणि इमारतींवर बसतो. पालिका तो घरपट्टीबरोबर वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. तिथून तो तुमच्या वॉर्डात परत येईल असा कुठला धागा नाही. मुंबईत याशिवाय महापालिकेचा स्वतंत्र शिक्षण उपकरही बिलात असतो; तो पालिकेकडे राहतो.

आयकरावरचा उपकर वेगळा. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्के लागला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का, आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के. यातली मेख अशी की उपकराचा पैसा राज्यांना करातल्या वाट्याप्रमाणे वाटून द्यावा लागत नाही. केंद्र तो समग्र शिक्षा, पोषण आहार अशा आपल्या योजनांमधून, आपल्या अटींवर देतं.

कर कुणाचा आणि शाळा कुणाची हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच मांडलं होतं : सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, त्यात स्थानिक संस्थांना शिक्षण कर बसवण्याची मुभा होती. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. विरोध करणाऱ्यांत आपले लोकही होते, हे सांगायचं राहून जातं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू करून दाखवलं.

संच मान्यता म्हणजे काय? एक मूल कमी झालं तर खरंच शिक्षक जातो?

जातो. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरवण्याचा जो वार्षिक हिशेब, ती संच मान्यता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे ६१ मुलांवर तीन शिक्षक असलेल्या शाळेतून एक कुटुंब ऊसतोडीला गेलं की तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरू शकतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. मागे राहतात दोन शिक्षक आणि पाच वर्ग.

आता आधार वैध असलेलीच मुलं मोजतात. आधारात नाव चुकलं किंवा बोटांचे ठसे जुळले नाहीत, तर वर्गात रोज बसणारं मूलही हिशेबात धरलं जात नाही. ही कडकपणाची वेळ का आली, हेही सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नव्हती. त्यांच्या नावावर शिक्षक, तुकड्या, पोषण आहार सगळं उचललं जात होतं. फसवणूक मुख्यतः तुकड्या वाढवणाऱ्यांनी केली. आधारचे हेलपाटे मात्र पारधी आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांना बसतात.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर त्या वर्गांना शिक्षकच मंजूर होत नाही, हा शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप आहे.

पालक म्हणून करायची गोष्ट एकच : सप्टेंबर संपायच्या आत मुलाचं आधार आणि शाळेतलं नाव जुळतंय का, हे मुख्याध्यापकांकडून तपासून घ्या.

आमच्या वस्तीवरच्या शाळेत १४ मुलं आहेत. ती बंद होईल का?

‘बंद’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘समायोजन’ आणि ‘समूह शाळा’ (अनेक लहान शाळांच्या मुलांसाठी एकच मोठी शाळा) हे शब्द वापरतात. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात जवळपास १५ हजार. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं.

समूह शाळेच्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. सहा मुलं, दोन शिक्षक, पाच इयत्ता. खेळाला संघ होत नाही, वर्गात चर्चा होत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, विषयाला शिक्षक असतो.

दुसरी बाजू अशी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. समूह शाळा बसवर चालते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याला पाणी आलं, बसचं टेंडर अडकलं, ड्रायव्हर आला नाही, की शाळा बुडाली. सर्वात आधी मुली गळतात. आणि वाहतुकीचा खर्च दरवर्षी करावा लागतो. एक शिक्षक वाचवून बस लावली तर तिजोरीला नेमका किती फायदा झाला, हा हिशेब प्रस्तावासोबत मांडलेला आमच्या पाहण्यात नाही.

आमचं मत : जिथे रस्ता पक्का, अंतर थोडं आणि पालक राजी, तिथे एकत्र यायला हरकत नाही. धनगरवाडे, कातकरी वाड्या, पाडे यांना एकच वीसचा आकडा लावणं चूक आहे. आणि वस्तीवरचा पट कमी का झाला, हेही विचारा. जागा रिक्त ठेवली, शिक्षक वर्षानुवर्षं दिला नाही, म्हणून पालकांनी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. मग पट कमी म्हणून शाळा गुंडाळायची. या क्रमाने कुठलीही शाळा संपवता येते.

समायोजनाचं पत्र आलं तर व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव, मुलांची यादी आणि प्रत्यक्ष चालत मोजलेलं अंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. नकाशावरचं अंतर पक्षी उडतो तसं मोजलेलं असतं.

‘आरटीई २५ टक्के’मध्ये मुलाची फी कोण भरतं?

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या असतात. त्यांची फी भरतं सरकार. पण शाळेची खरी फी नाही. सरकारचा स्वतःचा दर विद्यार्थी खर्च किंवा शाळेची फी, यांतली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात ही रक्कम बरीच वर्षं १७,६७० रुपये आहे. कोविडच्या काळात ती ८,००० पर्यंत खाली आणली होती. परतावा वर्षानुवर्षं थकतो, हे संस्थाचालकांचं गाऱ्हाणं खरं आहे. त्याचा राग ते २५ टक्क्यांतल्या पोरांवर काढतात, हे पालकांचं गाऱ्हाणंही खरं आहे.

९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने पळवाट काढली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के जागा देण्यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ही दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. परताव्याचे पैसे वाचवायचा विचार त्यामागे होता, हे कुणी उघड बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं.

एवढा खर्च करण्यापेक्षा सरकारने पैसे पालकांच्याच हातात का देऊ नयेत? जी शाळा चांगली, तिथे भरू.

ऐकायला हे रोखठोक वाटतं. पण सरकारचा दर विद्यार्थी खर्च म्हणजे मुख्यतः शिक्षकाचा पगार भागिले पट. बारा मुलांच्या पाड्यावर तो भागाकार फार मोठा दिसतो, शहरात लहान. सरासरी रक्कम पालकाला दिली तर शहरातल्याला पर्याय मिळेल. अक्कलकुवा-धडगावच्या पालकाला ती घेऊन जायला शाळाच नसेल. खासगी शाळा जिथे फी देणारे असतात तिथेच निघतात.

आणि असा प्रयोग आपल्याकडे चालूच आहे. २५ टक्क्यांची योजना हे त्याचंच रूप. परतावा थकल्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

शिक्षणावर ६ टक्के खर्च व्हावा म्हणतात. कशाचे ६ टक्के?

देशाच्या सकल उत्पन्नाचे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, १९६८ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणात पुन्हा आलं. २०२० च्या दस्तऐवजातच केंद्र आणि राज्यं मिळून ४.४३ टक्क्यांच्या आसपास खर्च होत असल्याचं लिहिलंय.

राज्याने केंद्राचं धोरण मानलं नाही तर केंद्र पैसे अडवू शकतं का?

अडवलेत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, तेव्हा दोघांचाही हक्क आहे. तमिळनाडूने पीएम श्री या निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या योजनेच्या करारावर सही केली नाही. त्यातून २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण मान्य करावं लागेल, हा त्यांचा आक्षेप. त्यावर २०२४-२५ चे समग्र शिक्षेचे २,१५२ कोटी रोखले गेले. महाराष्ट्राने सही केली आहे, म्हणून आपल्याकडे हा प्रसंग आला नाही. पण एका योजनेची अट दुसऱ्या योजनेच्या पैशाला बांधता येते हे एकदा दिसल्यावर आपल्यालाही बेफिकीर राहता येणार नाही.

गोव्यात अनुदानावरून एवढा वाद का झाला होता?

माध्यमावरून. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, अनुदान फक्त मातृभाषेतल्या, म्हणजे कोकणी-मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना द्यायचं ठरलं. चर्चच्या अनेक शाळांनी त्यासाठी माध्यम बदलून कोकणी केलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केलं आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. २०१२ मध्ये सत्ता बदलली, मनोहर पर्रीकर आले, तरी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. मंचाचे सुभाष वेलिंगकर यांनी याविरुद्ध आवाज चढवला आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने त्यांना गोव्याच्या संघचालक पदावरून दूर केलं. आपल्याकडे मराठी शाळांसाठी परिसंवाद होतात. गोव्यात अनुदानाच्या एका अटीने शेकडो वर्गांचं माध्यम बदललं होतं.

गणवेशाचे पैसे समितीला मिळतात की कापड?

सध्या समितीला. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकगठ्ठा घेऊन बचत गटांकडून शिवून घेण्याचा प्रयोग केला. कित्येक शाळांत दिवाळी आली तरी गणवेश आला नाही, आला तो मापाला बसेना. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. दोन गणवेशांना ६०० रुपये. एवढ्यात गावातला शिंपी कुरकुरत का होईना, शिवून देतो, आणि पोराचं माप त्याला ठाऊक असतं.

पोषण आहारात भाजी पातळ असते. तक्रार कुणाकडे?

आधी दर पाहा. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला धान्य सोडून दर ताटाला ६ रुपये ७८ पैसे. यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन. तक्रार केंद्रप्रमुखांकडे करा, पण स्वयंपाकी ताईंशी भांडू नका. केंद्राच्या निकषातलं त्यांचं मानधन २००९ पासून महिना एक हजारावरच आहे. त्यावर जे मिळतं ते राज्य घालतं.

शाळा लोकवर्गणी मागते. द्यावीच लागते का?

नाही. स्वेच्छेने द्या. प्रवेशासाठी देणगी मागितली तर तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ चा भंग आहे. घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. शैक्षणिक उठावातून, म्हणजे शाळेसाठी लोकांकडून जमवलेल्या मदतीतून, अनेक गावांनी डिजिटल वर्ग, कुंपण, रंगरंगोटी केली, ते कौतुकाचंच आहे. फक्त ज्या गावात साखर कारखाना आहे तिथे वर्गणी जमते आणि ज्या गावातून माणसं तोडीला जातात तिथे जमत नाही. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस आहे. गरजेच्या शाळेला आधी पैसा मिळावा असं वाटणाऱ्याला हा क्रम उलटा वाटेल. आम्हाला वाटतो.

व्यवस्थापन समितीला हिशेब बघता येतो का?

येतो, आणि बघितला पाहिजे. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं आणि शाळा विकास आराखडा करणं ही तिची कामं. बैठकीत हे चार कागद मागा : गेल्या वर्षीची संच मान्यता, यूडायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) भरलेली माहिती, शाळा अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि आराखडा. यूडायसमध्ये ‘मुलींचं स्वच्छतागृह : चालू’ असं भरलं असेल आणि प्रत्यक्षात त्याला कुलूप असेल, तर नवं स्वच्छतागृह मंजूर होणार नाही; संगणकाच्या लेखी ते आहेच. आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या. कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.